'सर्व स्थितीत' मधला 'त'

31 डिसेंबरची जागरण उपासना होती. जालना जिल्ह्यातलं लहानसं गाव आणि तिथलं पत्र्याचं देऊळ. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) सरत्या वर्षाबद्दल साक्ष द्या, असं पाळकांनी सांगितलं. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सोयाबीन शेतातच कुजलेलं, बरीच घरं ऊसतोडीला गेलेली, त्यामुळे अर्ध्या सतरंज्या रिकाम्या. पहिल्या तिघांनी ठरावीक साक्ष दिली: देवानं खूप दिलं, सगळं भरून पावलं. मग एक बाई उठल्या. ऑक्टोबरात त्यांचे मालक वारले होते.

"औंदा आभार मानावं असं काई नाई. पण शेजारच्या मावशीनं महिनाभर भाकरी धाडली. तेवढ्याचे मानते."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. कृतज्ञतेवरचं संशोधन मी बरंच वाचलंय, पण त्याचं सार इतक्या कमी शब्दांत कुठे सापडलं नव्हतं.

दुःखातल्या माणसाला नाताळ जड का जातो, त्याचं एक कारण नाकात आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूच्या थॅलॅमस या चौकीतून पुढे जातं. वासाला मात्र ती चौकी ओलांडावी लागत नाही. त्याचे संदेश भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी थेट पोहोचतात. म्हणून तळणीतल्या करंजीचा वास आला की आधी घशात आवंढा येतो आणि गेलेलं माणूस का आठवलं, ते मागाहून कळतं. त्यात मेंदूचा हिशेबही पक्षपाती. वाईट गोष्ट तेवढ्याच आकाराच्या चांगल्या गोष्टीपेक्षा जास्त खोल रुतते. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये या विषयावरचं संशोधन एकत्र मांडलं, तेव्हा हेच चित्र जवळपास सगळीकडे दिसलं. धोका विसरणारा प्राणी टिकत नाही, हे त्याचं संभाव्य कारण.

कृतज्ञतेचा सराव या हिशेबात ढवळाढवळ करतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलफ यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा होता. सुमारे दोनशे विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, एका गटाने आभार मानावेत अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाला. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा पुढचा प्रयोग. त्यात स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण होते. तीन आठवडे रोज आभार लिहिणाऱ्यांनी जास्त वेळ झोप मिळाल्याचं आणि उठल्यावर ताजंतवानं वाटल्याचं सांगितलं. आजार होता तिथेच होता.

मात्र नुसता पाढा झाला की ही मात्रा उतरू शकते. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा आभार मोजणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा मोजणाऱ्यांना झाला नाही. मन सरावतं. "अन्न, वस्त्र, निवाऱ्याबद्दल आभार" हे वाक्य आपण प्रार्थनेत इतक्यांदा म्हटलंय की ते म्हणताना भाकरी डोळ्यांपुढे येतच नाही. त्या बाईंना ती दिसत होती, धाडणाऱ्या हातासकट.

आता आमच्या मंडळीतल्या एका खोडीबद्दल. घरात मर्तिक झालं तरी कुणीतरी येऊन सांगतंच, "रडू नका, आभार माना." जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी 1997 मध्ये 180 तरुणींना चित्रफिती दाखवल्या. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. दुःखी चित्रफितीत त्यांचा चेहरा शांत राहिला, दुःख तसूभरही कमी झालं नाही, उलट हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढला. म्हणजे दाबलेलं रडू शरीर वसूल करतंच.

आणि बायबल तरी दाबायला कुठे सांगतं? थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." स्थिती'त', स्थिती'बद्दल' नव्हे. मूळ ग्रीकमध्येही 'मध्ये' अशाच अर्थाचा शब्द आहे. पूर आला म्हणून आभार माना, असं तो म्हणत नाही. तेरावं स्तोत्र तर सुरुवातीलाच चार वेळा देवाला विचारतं, अजून कुठवर? सहाच ओव्यांचं ते स्तोत्र संपतं गाण्यावर, पण तक्रार खोडून नव्हे. ती वर तशीच उभी आहे. मानसशास्त्राला हा क्रम उमगायला बराच उशीर झाला, असं मला वाटतं.

या सरावाला औषध समजू नये, हेही सांगायला हवं. 2021 मध्ये डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी 27 अभ्यास एकत्र तपासले. नैराश्य आणि चिंतेवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम अगदी माफक निघाला. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही-पेन बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं. त्यात विश्वास कमी पडल्याचं काही नाही.

आभार वहीत ठेवायचे की माणसाला जाऊन सांगायचे? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि ती मिळालेल्यांनाही गाठलं. पत्र वाचून समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, हा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला. त्याला किती आनंद होईल, हा अंदाज मात्र फार कमी. या चुकीच्या अंदाजापायीच कितीतरी आभार ओठांवर राहत असणार.

त्या रात्री भाकरीवाल्या मावशी मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या. उपासना संपल्यावर चहा वाटताना त्या मला म्हणाल्या, "मी काय केलं वं? रोज थापतेच की." मग पदराने डोळे टिपले आणि दुसऱ्यांदा तेच म्हणाल्या.