अनुकूलन की जुळवून घेणे? समुद्री सस्तन प्राण्यांच्या बाबतीत होणारी एक गल्लत

‘अनुकूलन’ हा शब्द मराठीत दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि समुद्री सस्तन प्राण्यांविषयी वाचताना त्याचा हमखास घोटाळा होतो. भरपूर खाद्य मिळालेल्या हंगामात सीलच्या कातडीखालचा चरबीचा थर जाड होतो, त्याला अनुकूलन म्हणतात; आणि खोल बुडी मारता यावी अशी त्याच्या स्नायूंतील प्रथिनांची घडण असंख्य पिढ्यांमध्ये बदलत गेली, तिलाही अनुकूलनच म्हणतात. पहिली गोष्ट एका प्राण्याच्या आयुष्यात घडते आणि त्याच्याबरोबर संपते. दुसरी गोष्ट एकट्यादुकट्या प्राण्याच्या बाबतीत घडूच शकत नाही. ती समूहात घडते, कारण विशिष्ट जनुकरूपे (एकाच जनुकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या) असलेल्या प्राण्यांची पिल्ले अधिक संख्येने जगतात आणि ती जनुकरूपे पुढच्या पिढीत थोड्या वाढत्या प्रमाणात उतरतात. यालाच निवड म्हणतात. या लेखापुरते पहिल्या गोष्टीला ‘जुळवून घेणे’ म्हणू आणि ‘अनुकूलन’ हा शब्द केवळ दुसरीसाठी राखून ठेवू.

व्याख्या सोपी आहे, ओळख पटवणे मात्र अवघड, कारण बाहेरून पाहता दोन्हींचे फळ एकच असते: प्राणी आपल्या ठिकाणी चपखल बसलेला दिसतो. वनस्पतींच्या बाबतीत निदान एक उपाय हाताशी असतो. डोंगरमाथ्यावरच्या खुज्या झाडाचे बी सपाटीवर पेरावे आणि रोप तिथेही खुजेच राहते का ते पाहावे. ओर्काचे (किलर व्हेलचे) पिल्लू दुसऱ्या महासागरात नेऊन वाढवण्याचा प्रयोग कोणी करू शकत नाही. त्यामुळे निसर्गाने आधीच करून ठेवलेले प्रयोग शोधावे लागतात, आणि त्यांचा अर्थ लावताना चांगले अभ्यासकही चुकू शकतात.

गोड्या पाण्याचेच उदाहरण घ्या. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर सस्तन प्राण्याच्या शरीरातील द्रव त्याच्या साधारण एक तृतीयांश खारट असतो. म्हणून समुद्रात राहणाऱ्या प्राण्याच्या मूत्रपिंडाला पाणी राखून जादा क्षार बाहेर टाकावे लागतात, आणि नदीत हेच काम उलटे होते. हार्बर सील सामन माशांच्या मागे नदीच्या मुखातून आत शिरतो, काही काळ तिथे शिकार करतो आणि पुन्हा समुद्रात परततो. या ये-जा करण्याने त्याच्या जनुकांत काहीही बदलत नाही. संप्रेरकांच्या इशाऱ्यावर त्याचे मूत्रपिंड आपले काम कमीजास्त करते, इतकेच. चीनमधील यांगत्से नदीत राहणाऱ्या, पाठीवर पर नसलेल्या पॉर्पॉइजची (डॉल्फिनसारख्या छोट्या प्राण्याची) गोष्ट वेगळी आहे. तो समुद्रातील आपल्या भाऊबंदांपासून हजारो वर्षांपूर्वी विलग झाला. २०१८ साली नदीतील आणि समुद्रातील पॉर्पॉइजच्या संपूर्ण जीनोमची, म्हणजे सगळ्या डीएनएची, तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा मूत्रपिंडातील पाण्याचा समतोल आणि युरियाचे चक्र यांच्याशी संबंधित जनुकांवर निवडीच्या खुणा आढळल्या. सील आणि पॉर्पॉइज दोघेही गोड्या पाण्यात पोहताना दिसतात, पण पहिल्याचे पिल्लू ही क्षमता जशी घेऊन जन्मते तशीच समुद्रातील कोणत्याही सीलचे पिल्लूही घेऊन जन्मते. दुसऱ्याच्या पिल्लाला मात्र वारशाने काहीतरी वेगळे मिळालेले असते.

इथवर प्रकरण सरळ आहे. खरी फसगत होते ती पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे येथील डॉल्फिनसारख्या उदाहरणात. तिथले काही डॉल्फिन तळावरचा स्पंज उपटून तो टोपीसारखा तोंडाच्या पुढच्या टोकावर बसवतात आणि खडबडीत तळ उकरून वाळूत दडलेले मासे बाहेर काढतात. स्पंजामुळे नाक सोलवटत नाही. १९८४ पासून ही सवय नोंदवली जात आहे. ती प्रामुख्याने माद्यांमध्ये आढळते, आणि खाडीच्या पूर्व भागात स्पंज वापरणाऱ्या जवळजवळ सर्व डॉल्फिनच्या तंतुकणिकांमधील (पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांमधील) डीएनए एकाच प्रकारचा निघाला. सवय आणि डीएनए इतके बरोबर चालत असतील तर सवय जनुकांतूनच आली असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तंतुकणिकांचा डीएनए केवळ आईकडून मिळतो, आणि स्पंज वापरण्याचे कसबही आईकडूनच मिळते, कारण पिल्लू तीन-चार वर्षे तिच्या मागे फिरत असते आणि ती काय करते ते पाहत असते. दोन्ही गोष्टी एकाच वाटेने येतात म्हणून एकत्र दिसतात. एकीमुळे दुसरी झालेली नसते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आनुवंशिकतेच्या निरनिराळ्या शक्यता एकेक करून तपासल्या गेल्या, त्या जमेनात, आणि ही शिकवणूकच आहे असा निष्कर्ष निघाला. दोन गोष्टी जोडीने आढळल्या की नाते जुळवून टाकायचे, ही घाई जनुकांच्या बातम्यांत फार दिसते, म्हणून हे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते.

आणखी एक गोष्ट या दोहोंत मिसळून गोंधळ वाढवते, ती म्हणजे निव्वळ योगायोग. समूह लहान असला की कोणती जनुकरूपे टिकतील हे पुष्कळदा उपयुक्ततेवर नव्हे, तर कोण वाचले यावर ठरते. उत्तरेकडील एलिफंट सीलची एकोणिसाव्या शतकात तेलासाठी इतकी कत्तल झाली की मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर मूठभरच उरले. आज त्यांची संख्या दोन लाखांच्या वर आहे, पण जनुकीय वैविध्य त्या मूठभरांनी मागे ठेवले तेवढेच. फिनलंडच्या सायमा सरोवरात हिमयुगानंतर अडकलेले सीलही जनुकीयदृष्ट्या इतरांपासून ठळकपणे वेगळे आणि आपापसात फार सारखे आहेत. अशा समूहाचा डीएनए वेगळा निघाला म्हणजे तो त्या ठिकाणासाठी घडला, असे म्हणता येत नाही. वेगळेपणा हा विलगपणाचा पुरावा आहे. अनुकूलनाचा पुरावा त्यानंतर स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

तो कसा देतात, हे बॉटलनोज डॉल्फिनच्या अभ्यासात चांगले दिसते. या डॉल्फिनचे किनाऱ्यालगत राहणारे आणि खोल समुद्रात राहणारे असे गट जगात अनेक ठिकाणी आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ईशान्य अटलांटिक, वायव्य अटलांटिक आणि ईशान्य प्रशांत महासागर येथील अशा जोड्यांचे जीनोम तपासले गेले. किनाऱ्यावरचे गट खोल समुद्रातील डॉल्फिनमधूनच, पण एकमेकांपासून स्वतंत्रपणे निघाले होते, आणि तरीही जीनोमच्या त्याच त्याच भागांवर निवडीची खूण उमटलेली होती. योगायोग एखाद्या ठिकाणी काहीही घडवू शकतो. दूरदूरच्या समुद्रांत तो तीच जनुकरूपे पुन्हा पुन्हा वर आणेल, हे पटत नाही. त्या जनुकरूपांपैकी पुष्कळशी फार जुनी होती, खोल समुद्रातील मोठ्या समूहात कमी प्रमाणात शिल्लक राहिलेली. उथळ पाण्याची वाट धरल्यावर नव्या उत्परिवर्तनाची, म्हणजे डीएनएमधील नव्या बदलाची, वाट पाहण्याची गरज पडली नाही, जुन्या साठ्यातलेच कामी आले.

अनुकूलन आणि जुळवून घेणे यांच्यातली रेघ ओर्कांच्या बाबतीत जरा पुसट होते. ईशान्य प्रशांत महासागरात मासे खाणारे आणि सस्तन प्राण्यांची शिकार करणारे असे ओर्कांचे गट एकाच पाण्यात वावरतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. अंटार्क्टिकाजवळ सील धरणारे, पेंग्विन धरणारे आणि मासे धरणारे निरनिराळे गट आहेत. शिकारीची पद्धत प्रत्येक पिल्लू आपल्या कळपात शिकते, म्हणजे ती जुळवून घेण्याच्या खात्यातली. २०१६ साली मांडल्या गेलेल्या जीनोमच्या अभ्यासानुसार या गटांची वाटणी गेल्या सुमारे अडीच लाख वर्षांतच झाली, आणि मांसाहाराशी निगडित मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या चयापचयातील जनुकांत सस्तन प्राणी खाणाऱ्या गटांमध्ये फरक दिसले. आधी शिकलेली सवय आली, सवयीने आहार ठरला, आहाराने गट वेगळे ठेवले, आणि मग निवडीला काम करायला जागा मिळाली. म्हणजे जुळवून घेणे हे अनुकूलनाच्या विरुद्ध टोकाला नसून काही वेळा त्याच्या दारापर्यंत नेणारी पायवाट असते. मात्र प्रत्येक सवय तिथवर पोहोचत नाही: १९८७ साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील प्युजेट साउंड भागातील ओर्का मेलेले सामन मासे डोक्यावर मिरवत फिरू लागले होते, आणि ती हौस लवकरच विरली.

या सगळ्याची कसोटी लावण्यासारखा समूह म्हणजे आग्नेय ग्रीनलंडमधील ध्रुवीय अस्वले. ध्रुवीय अस्वलाची गणना समुद्री सस्तन प्राण्यांतच होते आणि त्याच्या प्रजातीच्या पातळीवरील अनुकूलन पक्के आहे: चरबीने भरलेल्या आहारावर जगताना कोलेस्टेरॉल वाहून नेण्याच्या कामात असलेल्या एपीओबी या जनुकावर निवडीची ठळक खूण २०१४ सालच्या अभ्यासात दिसली. २०२२ साली आग्नेय ग्रीनलंडमधील काही शे अस्वलांचा वेगळा समूह असल्याचे जाहीर झाले. त्यांच्या फ्योर्डमध्ये (उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत) वर्षातील २५० हून अधिक दिवस समुद्रावर बर्फ नसतो, म्हणून ती हिमनद्यांपासून तुटून पडलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फावरून शिकार करतात. माग काढलेल्या अस्वलांपैकी कित्येक जण किनारी प्रवाहात बर्फाच्या तुकड्यावर बसून दक्षिणेला वाहून गेले, मग पोहत किनाऱ्याला लागले आणि चालत आपल्या फ्योर्डमध्ये परतले.

ही बातमी ‘तापत्या हवामानाला अनुकूल झालेली अस्वले’ अशा थाटात सांगण्याचा मोह सहज होईल. पण त्यांचा विलगपणा सुमारे २०० वर्षांचा आहे, आणि अस्वलाची एक पिढी साधारण साडेअकरा वर्षांची धरली तर तो कसाबसा सतरा पिढ्या भरतो. समूह लहान आहे, म्हणजे योगायोगाला भरपूर वाव आहे. हिमनदीच्या बर्फावर दबा धरणे आणि वाहून गेल्यावर घरी परतणे ही वागणूक आहे, आणि अस्वलाचे पिल्लू दोन वर्षांहून अधिक काळ आईच्या मागे चालते, म्हणजे ती शिकायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. तेव्हा एवढ्यावरून याला अनुकूलन म्हणता येत नाही.