निवृत्तांचा आरोग्यविमा आणि मुदतपूर्व निवृत्ती (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरी सोडल्यानंतरही पूर्वीच्या मालकाकडून चालू राहणाऱ्या आरोग्यविम्याला निवृत्तांचा आरोग्यविमा म्हणतात. हा विमा बंद झाला, त्याला कात्री लागली किंवा तो मुळातच मिळणार नाही असे कळले, की पासष्टीच्या आधी निवृत्त होऊ पाहणाऱ्याचे गणित बदलते. अनेक जण अशा वेळी निवृत्ती पुढे ढकलतात. मात्र विमा कोणत्या रीतीने काढून घेतला जातो, त्यावर अवलंबून काही जण उलट घाईघाईने नोकरी सोडतात. हा दुसरा परिणाम पुष्कळदा दुर्लक्षित राहतो.

सारा पेच ६५ या आकड्याभोवती आहे. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही केली आणि १ जुलै १९६६ पासून तो लागू झाला. अपंगत्वासारखे अपवाद वगळता त्याची पात्रता ६५ व्या वर्षी येते. सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचे निवृत्तिवेतन मात्र, कमी रकमेने का होईना, ६२ व्या वर्षापासून घेता येते. म्हणजे सरकारी पैसे सुरू झाले तरी सरकारी विमा तीन वर्षे दूर असतो. पंचावन्न-साठीत बाहेर पडणाऱ्याला तर याहून मोठी दरी ओलांडायची असते.

त्यात काम करणाऱ्या वयातला विमा बहुतांशी नोकरीला बांधलेला. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी कंपन्यांनी विम्याचे आमिष दाखवले. मालक भरत असलेल्या हप्त्याची करमाफी १९५४ च्या करसंहितेने पक्की केली. नोकरी गेली की विमाही गेला, ही आजची स्थिती त्या तात्पुरत्या सोयीतून आली आहे.

निवृत्तांना विमा देण्याचे आश्वासन कंपन्यांना सुरुवातीला फारसे जड वाटले नाही. मेडिकेअर आल्यावर पासष्टीपुढचा मोठा भार सरकारने उचलला, पोलाद आणि मोटार उद्योगांतल्या कामगार संघटना विम्याची मागणी लावून धरत होत्या, आणि वयस्क कर्मचारी लवकर बाहेर पडले तर ते व्यवस्थापनालाही हवेच होते. खर्च ज्या वर्षी होई त्याच वर्षी हिशेबात धरला जाई. पुढच्या कित्येक दशकांचे देणे ताळेबंदात दिसतच नसे.

ते दिसू लागले ‘एफएएस १०६’ या लेखा-मानकामुळे. डिसेंबर १९९० मध्ये जाहीर झालेले हे मानक १५ डिसेंबर १९९२ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून बंधनकारक झाले. भावी निवृत्तांच्या औषधोपचारांचे देणे आजच्या हिशेबात दाखवणे त्याने भाग पाडले. जनरल मोटर्सला १९९२ साली सुमारे २३.५ अब्ज डॉलरचा तोटा दाखवावा लागला, आणि त्यातला बहुतांश भाग या बदलाचा होता. त्यासाठी तिजोरीतून एक डॉलरही बाहेर गेला नव्हता. जे आधीपासून देणे होते ते फक्त लिहिले गेले. तरी अनेक कंपन्यांनी नव्या कर्मचाऱ्यांसाठी ही सोय बंद केली, तर काहींनी आपल्या वाट्याच्या रकमेवर मर्यादा घातली. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या आकडेवारीनुसार, कर्मचाऱ्यांना विमा देणाऱ्या मोठ्या (२०० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या) आस्थापनांपैकी १९८८ मध्ये ६६ टक्के निवृत्तांनाही विमा देत होत्या. २०२३ मध्ये हे प्रमाण २१ टक्के होते.

कंपन्यांना हे जमले, कारण कायद्याचे संरक्षण तोकडे आहे. १९७४ च्या एरिसा कायद्याने खासगी निवृत्तिवेतनावर ठरावीक सेवेनंतर पक्का हक्क दिला, आरोग्यविम्यावर दिला नाही. ‘ही योजना बदलण्याचा वा बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील’ या अर्थाचे एक वाक्य पुस्तिकेत असले, की न्यायालयात कंपनीची बाजू भक्कम होते. एलटीव्ही या पोलाद कंपनीने १९८६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करताच सुमारे ७८,००० निवृत्तांचा विमा थांबवला. त्यावर एवढा गदारोळ झाला की दिवाळखोरीत अशी एकतर्फी कपात करण्यास मज्जाव करणारा कायदा १९८८ मध्ये आला. पण तो दिवाळखोरीपुरताच. कामगार संघटनेशी झालेल्या सामूहिक करारात स्पष्ट शब्द नसतील तर विमा तहहयात आहे असे गृहीत धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या एम अँड जी पॉलिमर्स विरुद्ध टॅकेट खटल्यात सांगितले. सरकारी नोकरांचे प्रकरण राज्यागणिक वेगळे आहे. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निवृत्तांच्या विम्यावरील अनुदानाला राज्यघटनेतील निवृत्तिवेतन-संरक्षण लागू केले.

निर्णयावर होणाऱ्या परिणामाचा अभ्यास अर्थतज्ज्ञांनी पुष्कळ केला आहे. जोनाथन ग्रुबर आणि ब्रिजिट मॅड्रियन यांनी १९९५ मध्ये दाखवले, की नोकरी सोडल्यावर एक वर्ष जुना विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याची मुभा असली तरी निवृत्तीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. हप्ता पूर्ण स्वतः भरायचा असूनही एवढा फरक पडतो, हे महत्त्वाचे. कारण त्या काळी बहुतेक राज्यांत वैयक्तिक विमा विकणाऱ्या कंपन्या मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या अर्जदाराला सरळ नकार देऊ शकत. साठीच्या माणसासमोर कितीला मिळेल या प्रश्नाआधी मिळेल का, हा प्रश्न असे. एरिक फ्रेंच आणि जॉन जोन्स यांच्या २०११ च्या अभ्यासात मेडिकेअरचे वय ६५ वरून ६७ करण्याचा परिणाम सोशल सिक्युरिटीचे दोन वर्षांचे पैसे काढून घेण्याच्या परिणामाइतकाच आला; अर्थात दोन्ही बाबतींत वाढणारे काम वर्षाच्या दहाव्या हिश्शाहून कमी होते. विमा हे एकमेव कारण नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

आता घाईने बाहेर पडणाऱ्यांविषयी. कंपनी जेव्हा अमुक तारखेपर्यंत निवृत्त होणाऱ्यांचाच विमा चालू राहील असे जाहीर करते, तेव्हा अजून चार वर्षे काम करू इच्छिणाराही अर्ज टाकण्याचा विचार करतो. थांबल्यास पगार मिळेल, पण विम्याचा हक्क जाईल. तेच सर्वांचा विमा एकदम रद्द झाला तर टिकून राहण्याकडे कल वाढतो. आणि आधीच निवृत्त झालेल्याचा विमा गेला, तर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. कमी पगाराची का होईना, विमा देणारी नोकरी साठीत शोधणे त्याला भाग पडते.

जोडीदाराचे वय हाही अडसर आहे. मेडिकेअर व्यक्तीला मिळते, कुटुंबाला नाही. ६५ वर्षांच्या नवऱ्याला ते मिळाले तरी त्याच्या नोकरीतल्या विम्यावर अवलंबून असलेली ६० वर्षांची बायको उघडी पडते, म्हणून तो मेडिकेअरचा हक्क असूनही कामावर जात राहतो.

मधली वर्षे भरून काढण्याचे मार्ग मोजके आहेत. कोब्रा कायद्यानुसार २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेतून बाहेर पडणाऱ्याला साधारण १८ महिने जुना विमा ठेवता येतो, पण मालकाचा वाटा धरून एकूण हप्त्याच्या १०२ टक्के रक्कम भरून. त्यामुळे साडेत्रेसष्ट (पासष्टीला १८ महिने कमी) हे वय अनेकांच्या मनात पक्के बसलेले असते. २०१० च्या परवडणाऱ्या आरोग्यसेवा कायद्याने २०१४ पासून जुन्या आजाराचे कारण देऊन विमा नाकारणे बंद केले आणि वयस्कांचा हप्ता तरुण प्रौढांच्या तिपटीपर्यंतच ठेवला. यानंतर निवृत्तांची लाट येईल अशी अटकळ होती. ती आली नाही. सुरुवातीच्या वर्षांवरील अभ्यासांत निवृत्तीच्या प्रमाणात ठळक वाढ आढळली नाही.

या कायद्याखाली मिळणाऱ्या वैयक्तिक विम्याच्या बाजारात हप्त्यावरचे सरकारी अनुदान उत्पन्नावर ठरते. दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नाची मर्यादा २०२१ मध्ये तात्पुरती उठवली गेली. ती सवलत २०२५ अखेरपर्यंतच होती. २०२६ च्या विम्यासाठी दोघांच्या कुटुंबाला ही मर्यादा ८४,६०० डॉलर येते, आणि ती ओलांडली की सगळे अनुदान जाते. म्हणून लवकर निवृत्त होणारे कोणत्या खात्यातून किती काढायचे हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवतात: पारंपरिक निवृत्ती खात्यातली करपात्र रक्कम उत्पन्नात धरली जाते, रॉथ खात्यातून (ज्यात कर भरून झालेले पैसे ठेवतात) नियमानुसार काढलेली धरली जात नाही. सोशल सिक्युरिटीची रक्कम पूर्ण मोजली जाते, तिच्यावर कर लागो वा न लागो. त्यामुळे ६२ व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू करणाऱ्याचा विमा त्याच निवृत्तिवेतनामुळे महाग होऊ शकतो.