वंशसंशोधनातील अभिलेखव्यवस्था

वंशसंशोधनातील अभिलेखव्यवस्था : कुटुंबाच्या मागील पिढ्यांचा शोध घेताना जमणारी मूळ कागदपत्रे, त्यांच्या प्रती, छायाचित्रे, टिपणे आणि पत्रव्यवहार जपून व क्रमवार ठेवण्याची, तसेच त्यांतील प्रत्येक कागद नेमक्या कोणत्या विधानाचा आधार आहे हे नोंदवून ठेवण्याची पद्धती. जन्म, विवाह व मृत्यूचे दाखले, जनगणनेच्या नोंदी, मृत्युपत्रे, जमिनीचे दस्त, उतारूंच्या याद्या आणि खाजगी पत्रे ही तिची नेहमीची सामग्री होय. घरात पूर्वीपासून असलेले कागद आणि संशोधन करताना तयार झालेले कागद असे तिचे दोन विभाग पडतात. पहिल्या विभागात जतनाला, तर दुसऱ्यात शोध सुलभ होण्याला अधिक महत्त्व असते.

अभिलेखशास्त्रात दोन तत्त्वे मूलभूत मानली जातात : एका उगमाचे कागद दुसऱ्या उगमाच्या कागदांत मिसळू नयेत आणि ते ज्या क्रमाने हाती आले तो क्रम शक्यतो मोडू नये. पहिल्या तत्त्वाचा अधिकृत उच्चार फ्रान्समध्ये १८४१ च्या परिपत्रकात झाला. दोन्हींची शास्त्रशुद्ध मांडणी म्यूलर, फाइथ व फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये केली. घरगुती संग्रहाला ही तत्त्वे जशीच्या तशी लावता येत नाहीत, असे मत अनेकदा मांडले जाते. तथापि एकाच पेटीत एकत्र बांधलेली पत्रे व्यक्तिवार वेगळी केली, तर ती कोणी जपली आणि कोणत्या पत्राला कोणते उत्तर आले हा पुरावा नाहीसा होतो व तो पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून फेरमांडणी कागदांची करण्यापेक्षा सूचीत करणे अधिक सयुक्तिक ठरते.

मांडणी व्यक्तिवार, कुलवार, स्थळवार किंवा साधनवार असू शकते. व्यक्तिवार फाइल सर्वांत सोपी असली, तरी विवाहाच्या एकाच नोंदीत वर, वधू, दोघांचे वडील आणि साक्षीदार अशी अनेक माणसे येतात व तो कागद कोणाच्या फाइलीत घालावा हा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक फाइलीत प्रत ठेवल्यास पसारा वाढतो आणि एका प्रतीवर केलेली दुरुस्ती दुसरीवर होत नाही. प्रत्येक कागदाला येताच कायमचा आवकक्रमांक देऊन तो क्रमवार ठेवणे आणि व्यक्ती, कुटुंब व स्थळ यांचे संबंध सूचीत दाखवणे ही पद्धत आरंभी जड वाटते, परंतु संग्रह वाढू लागल्यावर तीच टिकते. आवकनोंदीत कागद मूळ आहे की प्रत, तो कोठून व कोणत्या दिवशी मिळाला आणि मूळ संस्थेतील त्याचा खंड व पृष्ठांक कोणता, हे लिहिले पाहिजे. ज्या दप्तरात काहीच सापडले नाही त्याचीही नोंद शोधवहीत हवी, कारण ‘नाही’ हे उत्तर लिहून न ठेवल्यास तेच दप्तर पुन्हा चाळावे लागते.

कागदाचा क्रमांक आणि व्यक्तीचा क्रमांक या भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांच्या सरमिसळीतून पुष्कळ घोटाळे होतात. व्यक्तींसाठी सर्वाधिक प्रचलित असलेल्या पूर्वजक्रमांकात ज्याच्यापासून शोध सुरू होतो त्याला १, वडिलांना २, आईला ३ असे अंक मिळतात. कोणत्याही व्यक्तीच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे तिच्या वडिलांचा क्रमांक. त्यात १ मिळवला की आईचा. त्यामुळे पहिला क्रमांक वगळता सम अंक पुरुषांचे व विषम अंक स्त्रियांचे असतात आणि दहा पिढ्यांच्या पूर्ण तालिकेत १,०२३ स्थाने होतात.

ही पद्धत कोणाची, याविषयी मतभेद आहेत. फ्रेंच परंपरेत ती सोसा–स्ट्राडोनिट्झ या नावाने ओळखली जाते. खेरोनिमो दे सोसा या स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूने १६७६ च्या ग्रंथात ती वापरली आणि स्टेफान केकुले फॉन स्ट्राडोनिट्झ या जर्मन वंशशास्त्रज्ञाने १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या राजघराण्यांच्या पूर्वजतालिकांमधून ती सर्वत्र पोचवली. रसायनशास्त्रज्ञ आउगुस्ट केकुले हे त्याचे वडील. परंतु मिखाएल आइत्झिंगर या ऑस्ट्रियन सरदाराने कोलोन येथे १५९० मध्ये छापलेल्या ग्रंथात फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याला पहिला क्रमांक देऊन त्याचे पूर्वज याच रीतीने मांडले होते. सोसाने ही रीत आइत्झिंगरकडून घेतली की स्वतंत्रपणे योजली, यावर मतांतरे असली, तरी छापील अग्रक्रमाचा मान आइत्झिंगरकडे जातो. सोसाचे नाव रूढ राहिले ते अग्रक्रमापेक्षा वापराच्या परंपरेमुळे, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

या क्रमांकांत एक गणिती गुणही दडलेला आहे. अंक द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० व १ वापरून, लिहिल्यास पहिल्या १ नंतरचे प्रत्येक शून्य वडिलांकडे व प्रत्येक एक आईकडे नेतो. उदाहरणार्थ, २२ चे द्विमान रूप १०११० असे होते. म्हणून २२ क्रमांकाची व्यक्ती म्हणजे वडिलांच्या आईच्या आईचे वडील. द्विमान अंकगणितावरील जर्मन गणितज्ञ लायब्निट्झचा निबंध अठराव्या शतकाच्या आरंभीचा असल्याने आइत्झिंगर किंवा सोसा यांच्या मनात हा संबंध असणे संभवत नाही. तो दुपटीच्या नियमाचा आपोआप घडलेला परिणाम आहे. या पद्धतीची मर्यादाही याच नियमातून येते. नात्यात विवाह झाले असल्यास एकाच पूर्वजाला दोन किंवा अधिक क्रमांक मिळतात, आणि भावंडांना तर तिच्यात जागाच नसते. शिवाय आरंभीची व्यक्ती बदलली की सर्व क्रमांक बदलतात. यास्तव फाइलींना पूर्वजक्रमांकच देणे धोक्याचे असते.

वंशजांच्या बाजूने उतरणाऱ्या मांडणीसाठी न्यू इंग्लंडमधील वंशशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकाने १८७० मध्ये रूढ केलेली पद्धत, तसेच हेन्री (१९३५) व द’आबोव्हिल (१९४०) यांच्या पद्धती प्रसिद्ध आहेत. शेवटच्या दोहोंत अपत्याचा अनुक्रम आईवडिलांच्या क्रमांकापुढे जोडला जातो. एखादे अज्ञात अपत्य नंतर सापडल्यास धाकट्या भावंडांचे व त्यांच्या वंशजांचे क्रमांक सरकतात.

साधनसाहित्यात वह्या, कार्डे, फोल्डर, खोकी, पारदर्शक पाकिटे व मऊ शिसपेन्सिल यांचा समावेश होतो. येथे कागदाचा दर्जा हा मुख्य प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात तुरटी व राळेची खळ आणि नंतर लाकडाचा लगदा वापरात आल्यापासून बनलेला पुष्कळसा कागद स्वतःच्याच आम्लामुळे ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदालाही डागाळतो. टिकाऊ कागदाचा आंतरराष्ट्रीय निकष, आयएसओ ९७०६, सामू ७.५ ते १० यांदरम्यान असावा आणि किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटाइतका क्षारीय साठा असावा अशी अट घालतो. वेष्टनावरील ‘आम्लमुक्त’ या शब्दावरून मात्र असा साठा असल्याचे सिद्ध होत नाही. निळ्या छपाईच्या जुन्या प्रतींना क्षार अपायकारक ठरतो, म्हणून त्यांच्यासाठी साठाविरहित कागद वापरतात. छायाचित्रांच्या पाकिटांसाठी, त्यांचा छायाचित्रावर रासायनिक परिणाम होतो का हे पाहणारी, आयएसओ १८९१६ ही चाचणी आहे. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन ही प्लास्टिके चालतात. पीव्हीसी वर्ज्य आहे. चिकटपट्टी, रबर आणि गंजणाऱ्या टाचण्या संग्रहात असू नयेत. खोकी माळ्यावर किंवा तळघरात न ठेवता राहत्या खोलीतील स्थिर हवेत ठेवावीत.

संगणकीय नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी गेडकॉम हे प्रारूप १९८४ पासून प्रचारात आहे. त्याची ५.५.१ ही आवृत्ती १९९९ ची, तर ७.० ही २०२१ ची. त्यात व्यक्ती, कुटुंब, साधन आणि साधन जपणारी संस्था यांच्या नोंदी स्वतंत्र राहून एकमेकींना जोडलेल्या असतात. कागद व व्यक्ती यांचे क्रमांक वेगळे ठेवण्याचा वर सांगितलेला विचारच येथे यंत्राच्या भाषेत आला आहे. छायाचित्रे व दाखल्यांच्या प्रतिमा मात्र पूर्वीच्या आवृत्त्यांत सहसा केवळ दुव्याने जोडल्या जात आणि संगणक बदलताना मागे राहत. सर्व एका संचात बांधण्याची सोय ७.० मध्ये झाली. प्रतिमेच्या फाइलीला आवकक्रमांक व वर्ष–महिना–दिवस या क्रमाने तारीख दिल्यास ती मूळ कागदापासून तुटत नाही. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि त्यांपैकी एक प्रत अन्यत्र, हा संकेत घरगुती संग्रहालाही पुरेसा आहे.

मौखिक साक्षींच्या ध्वनिमुद्रणाला आवकनोंदीचेच नियम लागू होतात. त्यात बोलणाऱ्याचे नाव, दिनांक, स्थळ व संमती यांबरोबर सांगितलेली घटना त्याने स्वतः पाहिली की ऐकली, हे नोंदवतात. हयात व्यक्तींविषयीचा तपशील वेगळ्या फाइलीत ठेवून इतरांना द्यावयाच्या प्रतीतून वगळला जातो.