होळकर खासगीची मराठवाड्यातील धर्मदाय बांधकामे

होळकर घराण्यातील स्त्रियांच्या हक्काच्या उत्पन्नातून अठराव्या शतकात वेरूळ, परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथ या मराठवाड्यातील तीन ज्योतिर्लिंगक्षेत्री जी बांधकामे व जीर्णोद्धार झाले, त्यांचा समावेश या नोंदीत होतो. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन हिशेब वेगळे असत. दौलतीचा पैसा फौजेला आणि राज्याला लागे. खासगीच्या गावांचा वसूल मात्र राणीच्या हाती असे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना ही खासगी १७३४ मध्ये मिळाली आणि १७६१ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई (१७२५–१७९५) यांच्याकडे आली. ही बांधकामे केवळ राजाश्रयाची उदाहरणे म्हणून पाहिली जातात, तेव्हा त्यांमागे स्त्रियांनी स्वतः सांभाळलेला आणि स्वतःच्या निर्णयाने खर्च केलेला पैसा होता, ही मुख्य गोष्ट नजरेआड होते.

वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर हे यांतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा जीर्णोद्धार केला होता; आजच्या वास्तूशी गौतमाबाई आणि अहिल्याबाई या सासू-सुनांची नावे जोडलेली आहेत. मंदिर तांबूस दगडाचे असून सभामंडप चोवीस खांबांवर तोललेला आहे. शिखराचा खालचा भाग कोरीव दगडाचा, तर वरचा चुनेगच्ची असल्यामुळे लाल व पांढरा असे दोन रंग दुरूनच दिसतात. दर्शन आटोपून लेण्यांकडे वळणाऱ्या यात्रेकरूंचे जवळच्या शिवालय तीर्थाकडे पुष्कळदा लक्षच जात नाही. या चौकोनी कुंडात चारही बाजूंनी पायऱ्या उतरत जातात आणि त्या पायऱ्यांच्या टप्प्यावर आठ लहान देवळ्या आहेत. पाणी खाली गेले तरी भाविकाला त्याच्यापर्यंत पोहोचता यावे आणि वाटेत देवदर्शनही घडावे, अशी ही रचना आहे. शिल्पाच्या दृष्टीने मंदिर श्रेष्ठ असले, तरी कमी पावसाच्या या प्रदेशात पाण्याची सोय हे दानधर्माचे तितकेच मोठे अंग होते, आणि त्या दृष्टीने कुंडाचे जतन मंदिराइतक्याच आस्थेने व्हायला हवे.

औंढ्याचे काम निराळ्या स्वरूपाचे आहे. तेथील मूळ मंदिर यादवकाळातील असून त्याचा वरचा भाग पडल्यावर जुन्या जोत्यावर व भिंतींवरच नवे शिखर चढवण्यात आले. हा जीर्णोद्धार अहिल्याबाईंचा मानला जातो. खाली हत्तींचे थर आणि दाटीवाटीने कोरलेल्या मूर्ती, तर वर साधे पांढरे शिखर, असा सांधा बाहेरून स्पष्ट ओळखू येतो. जुन्या कोरीवकामाची नक्कल करण्याचा प्रयत्न येथे दिसत नाही, आणि त्यामुळेच खालचा अवशेष आपल्या मूळ रूपात वाचला, असे म्हणावेसे वाटते. गर्भगृह तळघरात असून तेथे अरुंद वाटेने उतरावे लागते.

परळी येथील वैजनाथ मंदिर टेकडीवर असून तेथे रुंद दगडी पायऱ्यांनी चढून जावे लागते. त्याचा जीर्णोद्धारही अहिल्याबाईंनी केला. त्यासाठीचा दगड जवळच्या त्रिशूळा देवीच्या डोंगरातून आणला, असे परळीत सांगितले जाते.

अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी मराठवाड्याच्या सीमेपासून जवळ असल्याने मराठवाड्यात त्यांच्याविषयी विशेष आपुलकी आहे. तथापि त्यांच्या दानधर्माला राज्याची वा प्रांताची सीमा नव्हती, आणि काशी, गया, सोमनाथ येथील त्यांची कामे याच परंपरेतील आहेत. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाल्यावर खासगीच्या धर्मदाय मालमत्तांची व्यवस्था पाहण्यासाठी १९६२ मध्ये इंदूर येथे विश्वस्त संस्था स्थापन करण्यात आली.