आठवणीची मांडणी

सांगलीत आमच्याकडे सुट्टीत अभ्यासाला येणाऱ्या मुलांसमोर मी एकदा सोळा चित्रे विस्कटून ठेवली: ऊस, बैल, तवा, सदरा, द्राक्षे, म्हैस, कढई आणि अशीच आणखी काही. दोन मिनिटे पाहायचे आणि मग आठवतील तेवढी सांगायची. शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेल्या मुलीने जनावरे एकीकडे, भांडी दुसरीकडे, कपडे खाली असे गट पाडले आणि सांगतानाही तोच क्रम धरून चौदा नावे सांगितली. शेजारचा मुलगा चित्रांकडे नुसता टक लावून पाहत राहिला आणि सातांवर अडला.

हा फरक पाहून मुलावर ‘सामान्य’ असा शिक्का मारण्याची आपल्याला फार घाई असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेव्हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये, चित्रे लक्षात ठेवताना मुलांचे ओठ हलतात का, हे बारकाईने टिपले होते. पाच वर्षांच्या वीस मुलांपैकी दोघेच नावे पुटपुटत होते, तर दहा वर्षांच्या वीसपैकी सतरा. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात, न पुटपुटणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलांना ती युक्ती शिकवताच त्यांचे स्मरण इतरांच्या बरोबरीला आले; म्हणजे क्षमता होती, युक्ती स्वतःहून सुचत नव्हती. मात्र सक्ती उठताच त्यांतील बऱ्याच जणांनी ती सोडून दिली. प्रज्ञावान मुलांना आपल्या स्मरणाविषयी, कोणती युक्ती कुठे चालते याविषयी, सहसा अधिक जाण असते. तरी प्रत्येक कामात ती सरस ठरतातच असे नाही.

त्या विषयाचे आधीचे ज्ञान तर कधी बुद्धीलाही मागे टाकते. जर्मनीत वोल्फगांग श्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फुटबॉलची जाण असलेल्या पण बुद्धिचाचणीत मागे असलेल्या मुलांनी फुटबॉलची गोष्ट, चाचणीत पुढे असलेल्या पण खेळाशी अपरिचित मुलांपेक्षा अधिक चांगली आठवून सांगितली. सातांवर अडलेला तो मुलगा तालमीत जातो. जत्रेतली कुस्ती त्याने ढाक, घिस्सा, कलाजंग असे डाव क्रमाने घेत, शेवटच्या धोबीपछाडीपर्यंत सांगितली. त्या मुलीला कोण जिंकले एवढेच आठवत होते.

दुसऱ्या दिवशी गट पाडायला शिकवल्यावर त्याने तेरा चित्रे सांगितली. पंधरा दिवसांनी मात्र तो पुन्हा नुसताच पाहत बसला. म्हणून आता आधीचे सात आणि नंतरचे तेरा त्याच्याच हाताने वहीत लिहून घेतले आहेत, आणि गट का पाडायचे हे तो मला समजावून सांगेपर्यंत हा खेळ चालू राहील.