उत्साह ओसरतो तेव्हा मेंदूत काय होतं?

जानेवारीत नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे नवे बूट दिसतात. होळीपर्यंत त्यातले बरेच गायब होतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "माझ्यात जिद्दच नाही." हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. उत्साह ओसरणं हा स्वभावदोष नाही, मेंदूचं ते रोजचं काम आहे.

1990च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशींची स्पंदनं मोजली. अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात स्पंदत. मग आधी दिवा, नंतर रस असा क्रम ठेवला. माकड तो शिकल्यावर पेशी दिवा लागताच स्पंदू लागल्या, रस मिळाल्यावर मात्र नाही. रस तोच, गोडीही तीच! आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची नेहमीची संथ लयसुद्धा मंदावली. म्हणजे या पेशी मोजतात ती वजाबाकी: मिळालं ते, वजा अपेक्षा होती ते.

आता वजनकाट्यावर या. पहिल्या आठवड्यात अर्ध्या किलोची अपेक्षा होती, उतरलं दीड किलो. हिशेब अधिक एक. (यात बरंचसं पाणी असतं. स्नायूंतल्या आणि यकृतातल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साठवलेल्या साखरेसोबत) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, साठा घटला की तेही जातं.) तिसऱ्या आठवड्यात अपेक्षा दीड किलोची, उतरलं तीनशे ग्रॅम. हिशेब उणे एक पूर्णांक दोन. वजन उतरतंच आहे, तरी मन खट्टू. माकडांचा प्रयोग सेकंदांचा होता, त्यामुळे हे गणित आठवड्यांना जसंच्या तसं लावता येणार नाही, पण दिशा तीच.

म्हणूनच सुखाच्या गोष्टी काही काळ टाळून डोपामिन 'उतरवायला' सांगणाऱ्या 'डोपामिन डिटॉक्स'च्या जाहिराती पाहून चीड येते. डोपामिन विष नव्हे. ते बनवणाऱ्या पेशी मरतात तेव्हा पार्किन्सन होतो.

मग टिकतं ते कशावर? सवयीवर. तीच कृती त्याच इशाऱ्यानंतर पुन्हा पुन्हा केली की तिचा ताबा हळूहळू स्ट्रायटम या खोलवरच्या भागाच्या बाहेरच्या पट्ट्याकडे जातो, आणि मग बक्षिसाची फारशी गरज उरत नाही. एकवीस दिवसांत सवय लागते हा समज मात्र मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या निरीक्षणातून पसरला. रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान तेवढे दिवस लागतात, इतकंच ते होतं. सवय लागायला किती दिवस लागतात, हे लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर 12 आठवडे तपासलं. मध्यक निघाला 66 दिवसांचा, आणि पल्ला 18 ते 254 दिवसांचा (त्यातले मोठे आकडे आलेख पुढे वाढवून काढलेले). मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही.

इशारा मात्र पक्का हवा. नागपुरात मेअखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या जरा आधी. सकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात लख्ख उजेड, हिवाळ्यात मिट्ट काळोख. घड्याळ तेच दाखवतं, इशारा बदललेला असतो. त्यापेक्षा चहाचा कप विसळून ठेवला की लगेच बुटात पाय घाला. कप बाराही महिने तिथेच असतो.