ज्वालामुखीखालचे पाणी: एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

१८४६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन आइसलँडला गेले आणि तिथल्या ‘गेसिर’ या उसळत्या झऱ्याच्या नळीत त्यांनी थर्मामीटर सोडून पाहिले. (न्हाणीघरातल्या गीझरचे नाव याच झऱ्यावरून आले.) खोलवरचे पाणी १२० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेले होते, तरी उकळत नव्हते, वरच्या पाण्याचा भार त्याला दाबून धरत होता. हा भार जरा हलका झाला की उकळी फुटते, वाफ वरचे पाणी बाहेर फेकते, भार आणखी घटतो आणि सगळी नळी उसळते. माझ्या मते ज्वालामुखीखालचे पाणी समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी.

हे पाणी येते कुठून, यावर मात्र पुढे बराच काळ वाद चालला. ते शिलारसातूनच, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातूनच सुटते, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानत. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी ठिकठिकाणच्या गरम झऱ्यांतली समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, तपासली. जड हायड्रोजनचे प्रमाण त्या त्या भागातल्या पावसाशी जुळले. जड ऑक्सिजन तेवढा जास्त निघाला, तोही तापलेल्या खडकांशी झालेल्या देवघेवीमुळे. म्हणजे बहुतेक पाणी पावसाचेच, भेगांतून मुरलेले आणि तापून पुन्हा वर आलेले! एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा) दुसऱ्याखाली सरकतो तिथल्या ज्वालामुखींत शिलारसाचा वाटाही मोठा असतो, हे नंतर दिसले.

पाणी आणि शिलारस किती शेजारी असतात, ते २००९ मध्ये आइसलँडमधल्या क्राफ्ला या ज्वालामुखीत कळले. तिथे खोदलेली विंधन विहीर २.१ किलोमीटर खोलीवरच अनपेक्षितपणे शिलारसात शिरली.

या शेजाराची भीषण बाजू जपानच्या ओन्ताके पर्वतावर दिसली. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, बाराला आठ मिनिटे कमी. शिखरावर गिर्यारोहकांची गर्दी होती आणि इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची. त्या महिन्यात लहान भूकंप वाढले होते, पण शिलारस वर सरकत असल्याची ठळक खूण नव्हती. डोंगराच्या पोटातले तापलेले पाणी एकाएकी वाफ होऊन फुटले. मृत आणि बेपत्ता मिळून ६३ माणसे गेली. ज्वालामुखीची सलग थरथर सुरू झाली होती ती फक्त ११ मिनिटे आधी.